रन : तीन अक्षरं आणि 645 अर्थ

इंग्रजीतला सगळ्यात अवघड शब्द कुठला असं कुणी विचारलं तर आपल्या डोक्यात लगेच एखादा लांबलचक, स्पेलिंग पाठ न होणारा शब्द येतो. पण डिक्शनरी करणाऱ्या लोकांना घाम फोडणारा शब्द फक्त तीन अक्षरी आहे, आर यू एन, रन. पोरं शाळेत पहिल्याच वर्षी शिकतात तो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते, आणि 2011 मध्ये काम बाहेर आलं तेव्हा अर्थ भरले 645. हे फक्त क्रियापदाचे बरं का, नाम म्हणून जो रन आहे त्याची नोंद वेगळी.

याआधी सगळ्यात जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता. 1989 साली डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती आली त्यात सेटचे 430 अर्थ होते.

आता हे अर्थ मोजतात तरी कसे? त्यासाठी ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर जाऊ. इथे या डिक्शनरीचे सुरुवातीच्या काळातले संपादक जेम्स मरे यांनी घराच्या बागेत पत्र्याची शेड उभी केली होती आणि त्यात भिंतभर लाकडी कप्पे. जगभरातून वाचक चिठ्ठ्या पाठवायचे, साधारण सहा बाय चार इंचाच्या, एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. टपाल इतकं यायचं-जायचं की पोस्टाने घरासमोरच लाल पेटी बसवली. डिक्शनरीचा पहिला भाग छापला गेला 1884 ला आणि शेवटचा 1928 ला, मरे त्याआधीच 1915 मध्ये गेले. आर अक्षर विल्यम क्रेगी या स्कॉटिश संपादकांकडे आलं होतं.

काम करायची रीत मुळात एकच, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे. समजा टेबलावर पाच चिठ्ठ्या आहेत. मुलगा पळतोय, पहिला गठ्ठा. नदी वाहते, तिथेही रन, पण पाय नाहीत, म्हणजे दुसरा गठ्ठा. नाक वाहतंय, हे नदीच्या गठ्ठ्यात टाकायचं का? पाणी नाकातून येतंय, नाक स्वतः कुठे वाहतंय, मग नवा गठ्ठा. चौथी चिठ्ठी, रस्ता नदीच्या कडेकडेने जातो, 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर'. इथे तर काहीच हलत नाहीये, रस्ता जागच्या जागी आहे, हलते ती आपली नजर. आणि पाचवी, करार तीन वर्षं चालेल, इथे रस्ताही नाही, नुसता काळ आहे. पाच चिठ्ठ्या आणि पाच गठ्ठे, आणि खऱ्या टेबलावर अशा हजारो चिठ्ठ्या, आता त्या कॉम्प्युटरवर असतात एवढाच फरक. दोन गठ्ठे एक करायचे की वेगळे ठेवायचे हे शेवटी माणूसच ठरवतो, म्हणून मला त्या नऊ महिन्यांचं फार कौतुक वाटतं.

एवढे अर्थ आले कुठून याचं थोडं उत्तर शब्दाच्या जन्मातच आहे. रन हा इंग्रजीचा घरचा, जुना जर्मानिक शब्द, आणि त्याच्या मुळातच पायाने पळणं आणि पाणी वाहणं असे दोन्ही अर्थ होते. जे थांबत नाही, पुढे सरकत राहतं त्याला हा शब्द लागू पडायचा. मग घड्याळ आलं तेही रन होतं, गिरणी आली, तीही. रेल्वे आली तेव्हा तर गाड्यांना दुसरा शब्द शोधायची गरजच पडली नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे 'धावली' असंच आपणही लिहितो ना, अगदी तसंच. त्यानंतर कॉम्प्युटर आला आणि प्रोग्रॅमसुद्धा रन व्हायला लागला. इथे मात्र मराठीत प्रोग्रॅम धावत नाही, पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपनीतली पोरं सरळ 'कोड रन कर' म्हणतात.

माझं ठाम मत आहे की या शब्दाला खरं मोठं केलं ते यंत्रांनी. माणसाचे पाय हजारो वर्षांत बदलले नाहीत, पण चालू राहणाऱ्या वस्तू मात्र वाढतच गेल्या.

देश बदलला की वापरही बदलतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, म्हणजे एकीकडे पळायचं आणि दुसरीकडे उभं राहायचं, काम तेच. आपल्याकडेही माणूस निवडणुकीला उभाच राहतो. बायकांच्या पायमोज्याचा धागा सुटून लांब रेघ पडते तिला अमेरिकेत रन म्हणतात, ब्रिटनमध्ये लॅडर.

मग रनचे समानार्थी शब्द कुठले? शाळेत आपल्याला एक यादी पाठ करायला लावतात, पण गठ्ठे बघितल्यावर कळतं की प्रत्येक समानार्थी शब्द एकाच गठ्ठ्यापुरता असतो. पळण्यासाठी स्प्रिंट, जॉग, डॅश, तेही एकसारखे नाहीत, जॉग करणारा रमतगमत जातो आणि स्प्रिंट करणारा जीव खाऊन पळतो. पाण्यासाठी फ्लो. कारखान्यासाठी ऑपरेट किंवा मॅनेज, यातला मॅनेज इटालियनमधून आला आणि आधी घोडा हाताळण्यासाठी वापरला जायचा. कंपनी रन करता येते आणि मॅनेजही करता येते, पण नळ मॅनेज करून बादली भरत नाही. चोरून दारू आणणं हाही एक गठ्ठा आहे, अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हा समुद्रातून माल आणणाऱ्यांना रम-रनर म्हणायचे, आणि त्या जागी स्मगलर चालतं, स्प्रिंटर चालत नाही. अर्थाप्रमाणे शब्द लावायचं मोठं काम ग्लासगो विद्यापीठात 1965 पासून चाललं होतं, ऑक्सफर्ड डिक्शनरीतलेच शब्द विषयवार लावून तो ऐतिहासिक कोश 2009 मध्ये छापून आला.

आता जरा नामाकडे वळू, कारण आपल्या ओळखीचा रन तिथेच आहे. क्रिकेटमधला. दोन्ही बॅट्समन पळून टोकं बदलतात म्हणून तो रन, सरळ हिशोब. पण चौकार गेला की कुणी पळत नाही, तरी चार रन मिळतात. सचिनच्या नावावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 34,357 रन आहेत, त्यातले कितीतरी न पळता आलेले.

आणि बँकेवरचा रन. बँक बुडणार अशी भीती पसरली की सगळे एकदमच पैसे काढायला येतात, त्याला हा शब्द. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेवर तो झाला. त्या देशात 1866 नंतर असं झालंच नव्हतं. फुटेज बघा, पळताना कुणीच दिसत नाही, म्हातारी माणसं, नोकरदार, सगळे शांतपणे लाईनीत उभे आहेत आणि लाईन फुटपाथवर लांबच लांब गेलीये, तरी याचं नाव रनच, कारण पळत होता तो बँकेतला पैसा. 17 सप्टेंबरला सरकारने ठेवींची हमी जाहीर केली आणि त्यानंतर लाईनी ओसरल्या.