मुलांच्या दंडावरून गेलेली लस

शीतपेटी नव्हती, बर्फ साठवण्याची सोय नव्हती, मग १८०३ साली निघालेली देवीची लस स्पेनहून अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका खंडात पोहोचली तरी कशी?

गाईंच्या देवीच्या फोडातील द्रव माणसाला टोचला, तर जीवघेण्या देवीपासून त्याचे रक्षण होते, हे इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली दाखवून दिले होते. हा द्रव काचांमध्ये वाळवून जवळपास पाठवता येई. परंतु उष्ण प्रदेशातील लांबच्या सागरी प्रवासात त्याचा गुण बहुधा नाहीसा होई. म्हणून फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस या शल्यवैद्यांनी लस मुलांच्या अंगावरूनच नेण्याचे ठरवले आणि राजा चौथा कार्लोस याने त्याला मान्यता दिली.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी ‘मारिया पिता’ हे जहाज आ कोरुन्या बंदरातून निघाले, तेव्हा त्यावर २२ अनाथ मुलगे होते. सर्वांत लहान अवघा तीन वर्षांचा. दोघांच्या दंडावर लस टोचायची, नऊ-दहा दिवसांनी फोड पिकला की त्यातील द्रव शस्त्राच्या टोकावर घेऊन पुढच्या दोघांना टोचायचा, असा क्रम होता. दोघे अशासाठी की, एकाचा फोड झोपेत खाजवून फुटला तरी साखळी तुटू नये. ही सारी मुले सांभाळली इसाबेल सेंदाल या अनाथालयाच्या प्रमुख स्त्रीने, आणि सोबत तिचा स्वतःचा मुलगाही होता. व्हेनेझुएलाचा किनारा लागला तेव्हा लस घेण्याजोगा फोड एकाच मुलाच्या दंडावर उरला होता.

मोहीम थोर होती. परंतु हवानात मुले मिळेनात, तेव्हा बाल्मिस यांनी लस पुढे नेण्यासाठी तीन गुलाम मुली विकत घेतल्या, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपल्याकडे लस याआधीच, बगदाद आणि बसऱ्यामार्गे पोहोचली होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या गेल्या आणि तिच्या दंडावरील फोडातूनच लस पुढच्या मुलांना मिळाली.

१८०५ साली बाल्मिस २६ मेक्सिकन मुलांसह फिलिपिन्सला गेले. स्पेनहून आलेली मुले मात्र मायदेशी परतली नाहीत. त्यांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची हमी राजाने दिली होती. मेक्सिको शहरात त्यांना गरिबांच्या आश्रमात ठेवण्यात आले आणि पुढे काहींना तिथल्या कुटुंबांनी दत्तक घेतले.