टक्केवारीच्या पलीकडची वही

मित्रहो, आंतरराष्ट्रीय शाळेत विज्ञान शिकवताना पालकसभेत मला सर्वाधिक वेळा ऐकू आलेला प्रश्न एकच आहे : "टीचर, किती टक्के पडले?" आपण सगळेच या मापावर वाढलो, त्यामुळे हा प्रश्न मला परका वाटत नाही. मात्र १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकॅलोरिएट, म्हणजे आयबीच्या मूल्यमापनात टक्केवारीला स्थान नाही. तिच्या जागी काय असते, ते आज फोंड्यात, मराठी शाळांतल्या शिक्षकांसमोर मला उलगडून सांगायचे आहे.

माध्यमिक टप्प्यावर विज्ञानाला चार निकष असतात : ज्ञान व आकलन, प्रयोगाची आखणी, माहितीची मांडणी व चिकित्सा, आणि विज्ञानाच्या परिणामांविषयी चिंतन. प्रत्येकाला आठपैकी गुण. कोणत्या गुणासाठी कामात काय दिसायला हवे, हे मुलांना आधीच लेखी दिलेले असते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, हा विषय घेतला होता. मानशीपासून, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दारापासून, जितके दूर जावे तितका पाण्याचा खारेपणा कमी होईल, असा तिचा अंदाज होता. पाच ठिकाणांचे पाणी आणून, ठरावीक माप आटवून, उरलेले मीठ तिने प्रत्येक वेळी तीनदा तोलले. चौथ्या जागेचा आकडा एकदम वर गेला. तो तिने खोडला नाही, शेजारी पेन्सिलीने लिहिले, "इथे बांधाला भगदाड आहे, भरतीचे पाणी झिरपत असावे, पुन्हा जाऊन बघायला हवे." अंदाज फसला, तरी चिकित्सेत तिला सात मिळाले. चिंतनात मात्र चारच, कारण त्या खारेपणाने भातपिकाचे काय होते, हे तिने दोन ओळींत उरकले होते. पाच, सहा, सात आणि चार मिळून ३२ पैकी २२, म्हणजे सातपैकी पाच ही श्रेणी; सात सर्वांत वरची. वडिलांनी लगेच ६९ टक्के असा हिशेब मांडला, तेव्हा मी वही उघडून त्यांना आधी ती पेन्सिलीची नोंद आणि मग त्या दोन अपुऱ्या ओळी दाखवल्या.

निकष लिहिले म्हणून न्याय आपोआप होत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सहकारी शिक्षिकेने सात दिलेल्या एका वहीला मी चार दिले होते. दोघी समोरासमोर बसलो तेव्हा कळले की मी अक्षराला गुण देत होते, विचाराला नाही. अशा बैठका आयबीत कामाचाच भाग असतात. पुढे डिप्लोमाला, म्हणजे आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या टप्प्याला, सहा विषयांचे ४२ आणि दीर्घ निबंध व ज्ञानमीमांसा (आपल्याला जे कळते ते कसे कळते, याचा विचार) यांचे मिळून ३, असे ४५ गुण असतात. तिथे शिक्षकाने तपासलेल्या कामाचे नमुने बाहेरचे परीक्षक पुन्हा तपासतात.

या शाळांची फी बहुसंख्य गोमंतकीय घरांना परवडणारी नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते. पण निकष मराठीत लिहिण्याला आणि दोघा शिक्षकांनी एकच वही तपासण्याला फी लागत नाही. म्हणून नाव झाकलेल्या एका वहीच्या प्रती आणि मराठीत उतरवलेले चारही निकष मी सोबत आणले आहेत. चहानंतर दोघादोघांनी बसून तिला गुण द्या. मग आकडे फळ्यावर लिहू आणि जिथे फरक पडेल तिथे बोलू.