शंभर बादल्या पाणी, एक पेला दूध

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीत लेकरांना घेऊन सगळ्या घरानं बघावा असा एखादा चित्रपट सांगा, असं कुणी म्हणालं की मी ‘पिनोकियो’ सांगतो. पिनोकियो म्हणजे एका म्हाताऱ्यानं लाकडातून घडवलेला, जिवंत झालेला बाहुला; तो म्हातारा त्याचा बाप. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओचा हा संगीतमय चित्रपट १९४० सालचा, चित्र न् चित्र हातानं काढलेला. चित्रं दाखवत गोष्ट गाणं आपल्या मराठवाड्याला नवं नाही. पैठण शैलीची चित्रं पुढं मांडून चित्रकथी रामायण-महाभारत गायचे. म्हणून असा चित्रपट बघताना गाणं नेमकं कुठं आलंय, याकडे माझं आधी लक्ष जातं.

मूळ कादंबरी इटलीच्या कार्लो कोलोदी यांची. १८८१ पासून ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, १८८३ मध्ये तिचं पुस्तक झालं. कादंबरी फार कठोर आहे. चार शब्द शहाणपणाचे सांगणाऱ्या रातकिड्याला हा लाकडी पोरगा हातोडा फेकून मारतो. चित्रपटानं तो रातकिडा जगवला, त्याला जिमिनी हे नाव दिलं आणि पोराला वाटेवर ठेवायचं काम त्याच्याकडं सोपवलं. मन घसरायला लागलं की शीळ घाल, मी येतो, असं तो गाण्यातच सांगतो. उपदेश असा गळ्यातून उतरला की लेकरं तो आपणहून गुणगुणतात. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडातून हेच केलं.

शाळा बुडवून मौजेच्या बेटावर गेलेली पोरं गाढवं होतात, तिथं मात्र गाणं नाही. एक पोरगा आईला हाका मारतो आणि हाक मारता मारताच त्याचा आवाज गाढवाचा होतो. लहान लेकरू असेल तर तेव्हा त्याला जवळ घेऊन बसा.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. चित्रपटात पिनोकियो बापाला समुद्रातून वाचवताना मरतो आणि परी त्याला खरा मुलगा करून उठवते. कादंबरीत तो आधी राबतो. आजारी बापाला दूध हवं, जवळ पैसा नाही. मळेवाला म्हणतो, शंभर बादल्या पाणी ओढ, पेलाभर दूध देतो. आजवर हे काम करणारं गाढव गोठ्यात शेवटचे श्वास घेत असतं. ते गाढव म्हणजे मौजेला सोबत गेलेला त्याचा दोस्त! पुढं पाच महिन्यांहून जास्त काळ पिनोकियो पहाटे उठून पाणी ओढतो.

पाण्यासाठी राबणं काय असतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपली जुनी माणसं मोट हाकताना गाणी म्हणायची. या गोष्टीतलं सगळ्यात मोठं गाणं त्या पाण्यापाशी हवं होतं, आणि चित्रपटात तो प्रसंगच नाही.

शिक्षकांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट बसवणार असाल, तर ते प्रकरण गाळू नका. गावात मोटेची गाणी येणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना तालमीला बोलवा.