वारली आणि कातकरी: जमिनीच्या कागदापासून सुरू होणारी तुलना

ठाणे, पालघर आणि रायगड या पट्ट्यात वारली आणि कातकरी हे दोन आदिवासी समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले आहेत. पाऊस तोच, डोंगर तेच आणि जातीच्या दाखल्यावरचा ‘अनुसूचित जमाती’ हा शब्दही तोच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात वारली सुमारे आठ लाख होते आणि कातकरी सुमारे २ लाख ८५ हजार. तरीही सरकार कातकऱ्यांची नोंद वेगळ्या यादीत करते. ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ म्हणून महाराष्ट्रात तीनच समाज आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वारली त्यात नाहीत.

हा फरक कशामुळे पडला, हे विचारले की उत्तर तयार असते. कातकरी भटके, कातकरी उद्याचा विचार करत नाहीत, हातात पैसा आला की उडवतात. ग्रामपंचायतीत, शाळेत, बँकेत हेच ऐकू येते, आणि कधी कधी इतर आदिवासींच्या तोंडूनही. हे उत्तर चूक आहे. दोन्ही समाजांतल्या आजच्या फरकाचा मोठा भाग जमिनीच्या कायद्यांनी घडवला आहे. तो कसा घडला, हे टप्प्याटप्प्याने दाखवता येते.

सुरुवात एकोणिसाव्या शतकापासून करू. कातकऱ्यांचा धंदा त्यांच्या नावातच आहे. खैराच्या लाकडाचा गाभा तासायचा, पाण्यात उकळायचा, तो रस आटवून कात करायचा. हा धंदा करणाऱ्याला शेताची गरज नव्हती, त्याला जंगलात फिरण्याची मोकळीक हवी होती. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली आणि ही मोकळीक गेली. पुढे कातकरी कोळसा पाडू लागले, तोही मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी आणि त्याच्याच पैशावर. जंगलातला कोळसा थांबला तेव्हा वीटभट्टी आली. धंदा दोनदा बदलला, पण पायाखालची जमीन एकदाही त्यांच्या नावावर आली नाही.

वारल्यांचे दुःख त्याच काळात वेगळ्या प्रकारचे होते. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात त्यांच्या जमिनी सावकारांकडे आणि जमीनदारांकडे गेल्या, पण ते स्वतः त्याच जमिनीवर कूळ म्हणून राहिले. वेठ होती. ‘लग्नगडी’ पद्धत होती, म्हणजे लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि नवराबायकोने ते फिटेपर्यंत मालकाकडे राबायचे. ते फिटत नसे. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेऊन स्वतःला बांधून घेणे हा कातकऱ्यांचा ‘स्वभाव’ आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: ऐंशी वर्षांपूर्वी वारली नेमके हेच करत होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा लढा उभा राहिला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ आणि लग्नगडी मोडली. लढा उभा राहू शकला त्याचे एक कारण असे की वारली गावात एकवटून राहत होते आणि त्यांच्या श्रमाशिवाय जमीनदाराचे शेत पडीक राहिले असते. दहा-पंधरा झोपड्यांच्या वाड्यांत विखुरलेल्या, हंगामात जिल्ह्याबाहेर गेलेल्या कातकऱ्यांकडे हे बळ नव्हते.

आता कायदे पाहू. माझ्या मते या तुलनेचा गाभा इथे आहे.

पहिला कायदा १९४८ चा कूळकायदा. त्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कलम ३२ खाली मालक मानला गेला. पुढे ३२ ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२ म चे प्रमाणपत्र मिळायचे. यात खूप वारली अडकले. सातबाऱ्यावर कूळ म्हणून नावच चढवलेले नव्हते, नोटीस पोचली नाही, तारखेला हजर राहिले नाहीत, हप्ते थकले आणि खरेदी रद्द झाली. तरीही हजारो वारली कुटुंबांच्या नावावर थोडीबहुत जमीन आली. कातकरी मात्र बहुतेक ठिकाणी कूळच नव्हते. ते मजूर होते. कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली, आणि ज्याला कधी कसायला मिळालीच नाही त्याच्याबद्दल कायद्यात शब्द नव्हता.

दुसरा कायदा १९७४ चा, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन ठरावीक अटींवर परत मागता येत होती. चांगला कायदा होता. पण परत मागायला आधी जमीन असावी लागते.

तिसरा २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा नमुना ‘अ’ मध्ये, आधी ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुन्हा ताब्याचा पुरावा आला. ज्या वारल्यांनी एकसाली प्लॉटवर, म्हणजे वर्षाच्या बोलीने कसायला मिळालेल्या वनजमिनीवर, किंवा अतिक्रमण करून नागली-वरई पिकवली होती त्यांच्याकडे दंडाच्या पावत्या होत्या, आणि वन खात्याने फाडलेली तीच पावती पुढे पुरावा झाली. कातकऱ्यांत रायगडच्या दळी जमिनींचा, म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनींचा, अपवाद आहे. तिथे गटाच्या नावे जुने पट्टे होते आणि त्या आधारावर दावे झाले. कायद्याचे कलम ३(१)(क) शेतीबरोबरच राहण्यासाठी असलेल्या ताब्यालाही हक्क देते, हे अनेक वाड्यांपर्यंत पोचलेच नाही. लोकांची समजूत अशी की शेत नाही म्हणजे दावा नाही. वाडी वनजमिनीवर असेल तर घराचा आणि अंगणाचा दावा करता येतो.

तीन कायदे आणि तिन्हींत एकच अट: आधीचा संबंध दाखवा. वारल्यांकडे तो अपुरा का होईना, होता. कातकऱ्यांकडे तो नव्हता.

याचा संसारावर काय परिणाम होतो, ते हिशेबाने पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या भागातले घालून पाहावेत. एका वारली कुटुंबाकडे एक एकर भातखाचर आहे आणि आठ क्विंटल भात आले. भरडल्यावर साधारण ६५ टक्के धरले तर पाच क्विंटल वीस किलो तांदूळ. पाच माणसांच्या घराला महिन्याला पन्नास किलो लागतो. म्हणजे सुमारे दहा महिन्यांचे खाणे घरात आहे. हे कुटुंब दिवाळीनंतर बोईसरला किंवा वसईच्या नाक्यावर कामाला जाते, पण पटले नाही तर परत येऊ शकते. परत येता येणे हीच मजुराची खरी ताकद असते.

कातकरी कुटुंब पाहा. श्रावण-भाद्रपदात काम नसते, मासे-खेकडे आणि रानभाज्यांवर दिवस निघतात. त्याच वेळी भट्टीमालकाचा माणूस उचल घेऊन वाडीवर येतो. समजा वीस हजार घेतले. दिवाळीनंतर जोडी भट्टीवर जाते, सव्वीस आठवडे राहते. आठवड्याला हजार रुपये खर्ची (खाण्यापिण्यासाठी मालकाने दिलेले पैसे, तेही खात्यावर चढतात), म्हणजे सव्वीस हजार. अंगावर एकूण सेहेचाळीस हजार झाले. हजार विटांना सातशे रुपये दर धरा, जोडीची दिवसाला सहाशे वीट धरा. माती मळणे, थापणे, वाळवणे, रचणे यात आजारपण आणि अवकाळी पाऊस वजा जाता थापणीचे दिवस एकशे दहा धरा. सहासष्ट हजार विटा, सेहेचाळीस हजार दोनशे रुपये. सहा महिन्यांनी हातात दोनशे. एका माणसाला थापणीच्या दिवसाचे दोनशे दहा रुपये पडले, तेही लहान मुलांनी विटा उलटवल्या त्याचे काही न धरता. आता आईला दहा दिवस ताप आला असे समजा. सहा हजार विटा कमी, चार हजार दोनशे कमी. कुटुंब चार हजारांनी मालकाचे देणेकरी होऊन घरी येते आणि पुढच्या वर्षीची भट्टी ठरून जाते. कच्च्या विटा पावसात भिजल्या तर मोजणीत येत नाहीत, तो तोटाही थापणाऱ्याचाच. आणि वही मालकाकडे असते.

हे कंत्राट नव्हे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात हे बसते, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देऊन काम घेणे म्हणजे सक्तीचे श्रम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. त्या कायद्याने असे देणे आपोआप रद्द होते. प्रत्यक्षात प्रांताची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची चौकशी आणि मुक्ती प्रमाणपत्र लागते, आणि गाडी तिथेच अडते. तपासणीत बहुतेकदा ‘मजूर स्वखुशीने आले’ एवढेच लिहिले जाते. उचलीची नोंद, खर्चीची नोंद, विटांची मोजणी, हंगामात गावी जायला मिळाले का, हे चार प्रश्न कोणी विचारत नाही.

तुलना करणाऱ्या अभ्यासकांसाठी एक सूचना, कारण इथे हमखास फसगत होते. पाहणी कोणत्या महिन्यात करता, ते आधी सांगा. जुलैमध्ये शाळेचा पट पाहिला तर वारली आणि कातकरी मुलांत फार फरक दिसणार नाही. फेब्रुवारीत हजेरी पाहा. हंगामी वसतिगृह असेल तिथे काही मुले मागे राहिलेली दिसतील, बाकीची भट्टीवर आहेत. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे भट्टीच्या ऐन हंगामात. वाडी ओस असताना झालेल्या मोजणीवर पाणी, शाळा, घरकुलाचे नियोजन होते. दुसरी फसगत ‘आदिवासी’ या सरासरीची. २०११ मध्ये राज्यातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता ६५.७ टक्के होती. हा आकडा महादेव कोळी, वारली, कातकरी सगळ्यांना एकत्र ढवळून निघतो, आणि कातकरी त्यात दिसेनासे होतात. जमातवार तक्ते वेगळे मिळतात, ते वापरा.

सत्तेतला वाटा हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. विधानसभेच्या सहा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार जमातींसाठी राखीव, लोकसभेची जागाही राखीव. रायगड, जिथे कातकऱ्यांची मोठी वस्ती आहे, तो पाचव्या अनुसूचीत नाही. पेसा नाही, विधानसभेच्या सात जागांपैकी एकही राखीव नाही. पण सगळा दोष याच्यावर टाकता येणार नाही. वाडा, विक्रमगड तालुक्यांत अनुसूचित क्षेत्रातही कातकरी वारल्यांच्या मागेच आहेत. म्हणून तुलना करायची तर एकाच तालुक्यातले दोन पाडे घ्यावेत. जिल्हा बदलला की कायदाही बदलतो, आणि फरक समाजाचा की कायद्याचा ते कळत नाही.

वारल्यांची स्थिती चांगली आहे असा मात्र अर्थ काढू नका. एका एकराचे तीन भावांत वाटे झाले की तेरा-चौदा गुंठे राहतात, आणि वरच्या हिशेबाने तांदूळ चार महिनेही पुरत नाही. अशी वारली कुटुंबेही भट्टीवर दिसतात. चित्रकलेने काही घरांना उत्पन्न आणि साऱ्या समाजाला ओळख दिली, पण ओळखीने पोट भरत नाही. शिवाय बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग असे प्रकल्प त्यांच्याच जमिनींतून जात आहेत. नावावर जमीन आहे म्हणून मोबदल्याचे भांडण तरी करता येते. बिनकागदाच्या कातकऱ्याला प्रकल्पबाधित म्हणून यादीत नाव घालतानाही झगडावे लागते.

सध्याचा कळीचा मुद्दा वाडीच्या जागेचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम जनमन योजना सुरू झाली. तिच्यात असुरक्षित समूहांना पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये आहेत. पैसा आहे, पण अनेक कातकरी वाड्या खासगी मालकाच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. पूर्वी शेतमालकाने मजूर हाताशी असावेत म्हणून बसवलेल्या या वस्त्या. आता त्याच जमिनी फार्महाउससाठी विकल्या जातात, आणि नवा मालक कौल बदलायलाही हरकत घेतो. घरकुलाच्या अर्जाला जागेचा कागद लागतो आणि फाइल तिथे थांबते.

त्यासाठी आधी प्रत्येक वाडीची जागा कोणाची ते ठरवावे: गावठाण, गायरान, वन की खासगी. सातबारा आणि गाव नकाशा तलाठ्याकडे, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये. जुनी घरपट्टी, वीजबिल, मतदार यादी हे राहिल्याचे पुरावे गोळा करावेत. वन असेल तर वनहक्क दावा. खासगी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू किंवा वाढवू शकतात, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, मोजणी आणि घरांची यादी जोडून प्रस्ताव पाठवावा. ग्रामसभा मे महिन्यात भट्ट्या उठण्याआधी घेतली तर ज्यांच्या घरांचा ठराव, तेच हजर नसतात. ती जूनमध्ये, पेरणीच्या आधी, वाडी भरलेली असताना घ्यावी.