अथेन्सचा भाडेकरू

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी.

दूध आटेपर्यंतचा वेळ मला दिलाय. तेवढ्या वेळात मला ॲरिस्टॉटलबद्दल बोलायचंय. त्याच्या तत्त्वज्ञानाबद्दल फारसं नाही, तो कुठे आणि कसा राहिला याबद्दल.

वसंतात आम्ही अथेन्सला गेलो होतो. ॲक्रोपोलिसवर सगळेच जातात. मला लायसियम बघायचं होतं. 1996 साली शहराच्या मध्यभागी एका संग्रहालयाच्या पायासाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा ते सापडलं. 2014 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. बघायला तसं काही नाही. दगडी भिंतींच्या खालच्या ओळी उरल्यात, मधे मोकळं अंगण, बाजूला अंघोळीच्या जागा. आपली तालीम डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नेमकं कळेल. लायसियम ही मुळात तालीमच होती, शहराच्या मालकीची. मुलं तिथे कुस्ती खेळायची आणि तिथेच ॲरिस्टॉटल शिकवायचा.

त्या अंगणाच्या कडेला उभी असताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ज्या जागेला जग त्याच्या नावाने ओळखतं, तिथली वीतभर जमीनही त्याची नव्हती आणि कायद्याने होऊही शकत नव्हती.

कारण तो अथेन्सचा नव्हता. जन्म इ.स.पू. 384 चा, उत्तरेकडच्या स्टागिरा या छोट्या गावातला. वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. सतराव्या वर्षी तो शिकायला अथेन्सला आला, प्लेटोच्या अकादमीत, आणि वीस वर्षं राहिला. आपल्यातले बरेच जण असेच आलो, नाही का? दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग बघू, असं म्हणत. प्लेटो गेल्यावर तो आशिया मायनरच्या किनाऱ्यावर गेला, मग लेस्बॉस बेटावर, मग सिकंदराला शिकवायला मॅसिडोनियात. इ.स.पू. 335 मध्ये परत अथेन्सला आला आणि आणखी बारा वर्षं राहिला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली बत्तीस वर्षं एका शहरात काढली, आणि कागदोपत्री शेवटपर्यंत तो परकाच राहिला.

अथेन्समध्ये अशा लोकांना मेटिक म्हणत. पुरुषाला वर्षाला 12 द्राख्मा कर, स्वतंत्र राहणाऱ्या बाईला 6. रक्कम फार मोठी नव्हती, पण भरली नाही तर गुलाम म्हणून विकलं जाण्याची शिक्षा होती. प्रत्येक मेटिकला एक नागरिक जामीनदारासारखा दाखवावा लागे. युद्ध आलं की लढायला जायचं. सभेत मत नाही, न्यायालयात पंच म्हणून बसता येत नाही, घर किंवा जमीन घेता येत नाही.

आता हे ध्यानात ठेवून त्याचं 'पॉलिटिक्स' उघडा. माणूस हा स्वभावतःच नगरात राहणारा प्राणी आहे, हे वाक्य आपण शाळेत ऐकलेलं असतं. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो विचारतो, नागरिक म्हणजे कोण? आणि म्हणतो, एखाद्या जागी राहतो म्हणून कुणी नागरिक होत नाही. राहतात तर मेटिक आणि गुलामसुद्धा. पुढे सांगतो, पुष्कळ ठिकाणी मेटिकला जामीनदार लागतो, म्हणजे त्याचा वाटा अपुराच. नागरिक तो, जो न्यायनिवाड्यात आणि अधिकारात भागीदार असतो.

हे तो स्वतःबद्दल लिहितोय. 'मी' हा शब्द एकदाही येत नाही.

मला इथे जर्मनीत 19 वर्षं झाली. महापौराची निवडणूक आली की शेजारच्या आजी दार वाजवतात, "येतेस का मतदानाला?" मी दर वेळी सांगते की माझा पासपोर्ट भारताचा आहे, आणि त्यांना दर वेळी वाईट वाटतं. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण भारत ते मानत नाही. आपल्यातल्या ज्यांनी इथला पासपोर्ट घेतला, त्यांना तिकडे मत नाही. शेतजमीन वारशाने आली तर आली, विकत घेता येत नाही. म्हणून ते पान मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

त्याने शिष्यांना हाताशी धरून 158 राज्यांच्या राज्यव्यवस्था गोळा केल्या. अथेन्सवरची पुस्तिका शेकडो वर्षं हरवलेली होती. ती इजिप्तमधल्या पपायरसवर मिळाली आणि 1891 मध्ये लंडनहून छापली गेली. त्या गुंडाळ्यांची दुसरी बाजू पाहा: तिथे कुणा शेतीच्या कारभाऱ्याचा जमाखर्च आहे. हिशोबाचे जुने कागद उलटे करून कुणीतरी मजकूर उतरवून घेतला, म्हणून तो टिकला.

त्या पुस्तिकेत पंच मत कसं देत, याचं वर्णन आहे. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या मिळत, मधून कांडी गेलेली. एकीची कांडी पोकळ, दुसरीची भरीव. पोकळ फिर्यादीची, भरीव बचावाची. कांडीची टोकं बोटांनी झाकून चकती धरायची, म्हणजे कोणती कुठे पडली ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. अशा चकत्या अथेन्सच्या उत्खननात निघाल्यात. मजकूर त्याच्या हातचा की शिष्याच्या, यावर विद्वान अजून भांडतात. पण ज्या माणसाच्या देखरेखीखाली हे इतक्या बारकाईने टिपलं गेलं, त्याच्या हाती मतदानाची ती चकती कधीच येणार नव्हती. माझ्या लेखी हे शहरावरचं प्रेमच आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

इ.स.पू. 323 मध्ये सिकंदर मेल्याची बातमी आली आणि अथेन्स मॅसिडोनियाविरुद्ध पेटलं. ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा आरोप झाला. निमित्त काय, तर मारल्या गेलेल्या एका मित्रावर वीस-एक वर्षांपूर्वी रचलेलं स्तोत्र. डेल्फीच्या देवस्थानाने दिलेला सन्मानही काढून घेतला गेला. त्यावर त्याने लिहिलं म्हणतात: मला त्याचं फार वाटत नाही, पण अगदीच वाटत नाही असंही नाही. आणि अथेन्सबद्दल एका पत्रात, की परक्याला आणि नागरिकाला इथे एकच गोष्ट सारखी शोभत नाही, इथे राहणं कठीण आहे.

तो आईच्या माहेरच्या गावी, खाल्किसला निघून गेला आणि वर्षभरात वारला.

त्याचं मृत्युपत्र आपल्यापर्यंत आलंय. हर्पिलिस ही उतारवयातली त्याची जोडीदार. तो लिहितो, तिला खाल्किसला राहायचं असेल तर बागेलगतचं घर द्यावं, स्टागिराला जायचं असेल तर माझ्या वडिलांचं घर द्यावं. दोन्हीपैकी जे निवडेल ते नीट सामानसुमान लावून द्यावं. पहिली बायको पिथियास, तिच्या अस्थी तिच्या इच्छेप्रमाणे माझ्याजवळ ठेवाव्यात. सेवेतल्या मुलांना विकू नये. अथेन्समधल्या घराचा उल्लेख नाही. असायचं कारणच नव्हतं. शेवटी निकानोरसाठी, म्हणजे ज्याला मुलगी द्यायचं त्याने ठरवलं होतं त्याच्यासाठी, बोललेला नवस आहे: तो सुखरूप परतला तर स्टागिरात दगडी मूर्ती बसवाव्यात, चार-चार हात उंच, एक झ्यूसची आणि एक अथेनाची.