बेडकाच्या बाजूने

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जुनी राइड बंद करताना थीम पार्कने पाळायचे नियम’ असा छापला आहे, आणि तो मीच कळवला असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. नियमांकडे मी येणार आहे. परंतु हे नियम ज्यांच्यासाठी हवेत त्या चाहत्यांना बाहेरचे लोक सरसकट खुळ्यांत काढतात, आणि तो गैरसमज कायम ठेवून नियम सांगत बसणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आधी एका बेडकाची कैफियत ऐकून घ्यावी लागेल. माझ्या पूर्वीच्या व्याख्यानांना जे आले होते त्यांना हा बेडूक पाठ आहे. त्यांनी खुशाल डोळे मिटून घ्यावेत.

फ्लोरिडातले मॅजिक किंगडम हे डिस्ने कंपनीचे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले, त्या पहिल्या दिवसापासून तिथे ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ होती. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या पुस्तकातला टोड म्हणजे मोटारींच्या नादाने पार बहकलेला एक श्रीमंत बेडूक. आपण त्याच्या छोट्या मोटारीत बसायचे, समोरचे स्टिअरिंग जिवाच्या आकांताने फिरवायचे, आणि ते कशालाच जोडलेले नाही हे माहीत असूनही फिरवत राहायचे. मोटार रुळाच्या मर्जीने दारे धडाधड उघडत जायची. शेवटी अंधारात समोरून आगगाडीचा दिवा अंगावर येई, टक्कर होई आणि आपण थेट नरकात जाऊन पोहोचत असू, जिथे लहान लहान सैतान आपल्या स्वागताला उड्या मारत असत. लहान मुलांसाठी बांधलेल्या राइडमध्ये प्रवासी अपघातात मरतो, नरकात जातो, आणि बाहेर आल्यावर आईचा हात ओढत पुन्हा रांगेकडे धावतो, यावर बालमानसशास्त्रज्ञांनी काय ते म्हणावे. त्यातही तिथे दोन स्वतंत्र मार्ग होते आणि दोन्हींवरची दृश्ये वेगळी होती. तेव्हा ‘मी टोडमध्ये बसलो आहे’ असे कोणी म्हणाले की जाणकार माणूस लगेच विचारत असे, कोणत्या बाजूने?

१९९७ साली या राइडच्या जागी विनी द पू या मधवेड्या पिवळ्या अस्वलाची राइड येणार अशी बातमी फुटली, आणि चाहत्यांनी जे केले ते मला आजही थोर वाटते. धरण्याला इंग्रजीत सिट-इन म्हणतात, त्या धर्तीवर त्यांनी ‘टोड-इन’ भरवले. मिकी टोडला का मारतो आहे ते मला विचारा, अशा अर्थाचा मजकूर छापलेले हिरवे शर्ट घालून ही मंडळी पार्कात जमत आणि त्याच राइडमध्ये बसत. आंदोलनाचे स्थळ, साधन आणि मागणी ही तिन्ही एकच असलेले दुसरे आंदोलन मला माहीत नाही. त्याचा उपयोग झाला नाही. ७ सप्टेंबर १९९८ रोजी टोडची मोटार थांबली आणि पुढल्या उन्हाळ्यात त्याच इमारतीत पू मधाच्या शोधात फिरू लागला. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९५५ पासूनची टोडची राइड आजही चालू आहे, असे सांत्वन कोणी केले की फ्लोरिडावाले दुखावतात. तिथे एकच मार्ग आहे.

आता माझा लाडका मुद्दा, ज्याच्यासाठी खरे तर मी हे निमंत्रण स्वीकारले. राइड बंद करताना दिले जाणारे कारण बहुधा एकच असते: तिला रांग नव्हती. माझे म्हणणे असे की रांगेने प्रेम मोजता येत नाही, आणि पार्कवाले नेमके तेच मोजत बसले आहेत.

हे पूर्वीपासून असे नव्हते. डिस्नीलँड उघडले त्याच वर्षी तिथे कुपनांची वही सुरू झाली. राइडची प्रतवारी अक्षरांनी केलेली असे आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न हा डोंगरातला रोलर कोस्टर, पाणबुडी आणि मोनोरेल आल्यावर सर्वांत वरची ‘ई’ ही प्रत आली. माणूस वहीतले एक पान फाडून देई तेव्हा त्याने एक निवड केलेली असे, आणि त्या निवडीचा कागदी पुरावा कंपनीच्या हाती राही. ‘ए’ आणि ‘बी’ची पाने उरत, ती लोक घरी नेऊन खणात टाकत, कोणाला काय नको हेही त्यामुळे समजत असे. १९८२ साली कुपने गेली, एका प्रवेशशुल्कात सारे काही आले, आणि तेव्हापासून पसंतीचा ढोबळ पुरावा म्हणून राहिली ती किती वेळ थांबावे लागेल हे सांगणारी दारावरची मिनिटांची पाटी.

आणि ती पाटी काय सांगते? हाँटेड मॅन्शन या डिस्नेच्या भुताच्या वाड्यात गाड्यांची साखळी जवळपास न थांबता फिरत राहते आणि तासाला दोन हजारांहून अधिक माणसे गिळू शकते. दुसरीकडे एखादी नवीकोरी राइड तासाला त्याच्या निम्मीही माणसे घेत नसेल, तर तेवढ्याच गर्दीत तिच्यापुढे शेपूट वाढत जाते आणि पाटीवर मोठा आकडा चढतो. तो आकडा यंत्राची भूक सांगतो, माणसांची नव्हे. जी राइड गुपचूप, भराभर, तक्रारीला जागा न देता माणसे आत घेते तिच्यावरच ‘इकडे कोणी फिरकत नाही’ असा ठपका येतो. घरात मुकाट्याने काम करणाऱ्या सुनेची जी कदर होते तीच इथे.

शेवटच्या दिवशी मात्र चमत्कार घडतो. डिस्नेज हॉलिवूड स्टुडिओजमध्ये १६ मे १९९१ पासून ‘मपेट व्हिजन थ्री-डी’ हा खेळ चालू होता. मपेट या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. ते त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १६ मे १९९० रोजी वारले. एरवी उन्हाने त्रासलेला माणूस तिथे सरळ आत जाऊन थंड हवेत टेकत असे. ७ जून २०२५ या शेवटच्या दिवशी त्याच दारापुढे लोक ताटकळत उभे होते. पाहणारा म्हणतो, एवढे प्रेम होते तर आधी का आला नाहीत? उत्तर सोपे आहे: ते येतच होते. रांग नसल्यामुळे ते दिसले नाहीत, एवढेच.

इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, ते मला दिसते आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत होतो आणि आमच्या जवळ एक जुने पार्क होते. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण माझा राग अजून ताजा आहे. तिथे जुन्या गिरणीच्या पोटातून बोट जाते अशी एक राइड होती. हा प्रकार तिकडे शंभर वर्षांहून जुना आहे. लाकडी बाकाची बोट, बाकावर कायम हाताला लागणारा ओलसरपणा, आणि अंधारात नाकाशी येणारा तो वास, ज्याचे वर्णन चाहत्यांखेरीज कोणाला पटत नाही. मोठ्या पार्कांत पाण्यात जंतुनाशक म्हणून ब्रोमिन घालतात. त्याच्या वासावर जीव टाकणारी माणसे आहेत आणि मी त्यांच्यात मोडतो. दुसऱ्या वळणावर एक लाकडी गिरणीवाला पोते खांद्यावर घेण्यासाठी हात उचलत असे. त्या हातात काहीतरी बिघाड होता. हात छातीपर्यंत येई, अडे, दोनदा थरथरे आणि परत खाली जाई. पोते काही कधी खांद्यावर चढले नाही. माझी मुलगी चार वर्षांची असल्यापासून दर खेपेला त्याला ओरडून धीर देत असे. ‘आणखी थोडं, काका!’ असे ती मराठीत ओरडे आणि पुढच्या बोटीतले लोक वळून पाहत.

एका वसंतात आम्ही गेलो तर गिरणीच्या तोंडाशी प्लायवुडचे कुंपण उभे होते आणि त्यावर हसऱ्या अक्षरांत लिहिले होते की इथे काहीतरी अद्भुत येत आहे. आधी सूचना नाही, तारीख नाही. मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले. विशीतला मुलगा होता, अत्यंत विनम्र. तो म्हणाला, ‘सर, त्या राइडमध्ये कोणी बसत नव्हते.’ मी म्हणालो, ‘आम्ही बसत होतो, आणि कोणी बसत नाही म्हणूनच बसत होतो.’ यावर काय बोलावे हे त्याला शिकवलेले नसावे. त्याने आम्हाला शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवले. दुकानात गिरणीवाल्याचे चित्र असलेले बिल्ले ठेवले होते, आणि चित्रात त्याच्या खांद्यावर पोते होते! जे त्याला आयुष्यभर जमले नाही ते त्यांनी राइड पाडल्यावर बिल्ल्यात जमवून टाकले. विक्रेती कौतुकाने म्हणाली की हाच बिल्ला सध्या सर्वांत जास्त खपतो. कोणी बसत नसलेल्या राइडचा बिल्ला सर्वांत जास्त कसा खपतो, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. मी दोन बिल्ले घेतले. मुलीने दुकानाबाहेर येऊन विचारले, ‘काकांना आता कुठे ठेवलंय?’ या प्रश्नाला त्या पार्कात कोणाकडेच उत्तर नव्हते, आणि माझे आजचे सगळे नियम त्या एका प्रश्नातून निघाले आहेत.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. तिच्यावर ‘सात मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. नियम भराभर सांगतो.

पहिला नियम तारखेचा. शेवटचा दिवस कोणता हे लोकांना आधी कळले पाहिजे. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये २००५ साली किंगडा का हा ४५६ फुटांचा रोलर कोस्टर उघडला होता. १० नोव्हेंबर २०२४ ही त्याची अखेरची फेरी होती हे चाहत्यांना ती होऊन गेल्यावर समजले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरुंगाने पाडला. त्या अखेरच्या दिवशी जे बसले त्यांना आपण निरोप देतो आहोत याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांना निरोप द्यायचा होता ते घरी बसले होते.

दुसरा नियम कारणाचा, आणि याला खरे म्हणजे अर्धा तास हवा होता. डिस्नेच्या स्प्लॅश माउंटन या पाण्यातल्या राइडमधली पात्रे १९४६ सालच्या ज्या चित्रपटातून आली होती, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर इतकी टीका झाली की कंपनीने तो अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीला आणला नाही. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली, २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडची राइड बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथे डिस्नेच्या चित्रपटातली कृष्णवर्णीय राजकन्या टियाना आली. हे कारण सांगण्याजोगे होते आणि माझ्या मते योग्यही होते. तरी राइड थांबल्यावर तिचे पाणी बाटल्याबरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला काढलेले लोक निघालेच. सगळ्या रडणाऱ्यांना त्या चित्रपटाचे समर्थक ठरवणे चूक आहे. बहुतेकांना आठवत होती ती आजोबांच्या मांडीवरून घेतलेली पन्नास फुटांची उडी. गंमत अशी की कॅलिफोर्नियातल्या स्प्लॅशमधले कितीतरी यांत्रिक प्राणी १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’मधून उचलून आणलेले होते, म्हणजे ते दुसऱ्यांदा बेघर झाले.

तिसरा नियम खुणेचा, अर्थात माझ्या मुलीच्या प्रश्नाचा. इथे डिस्नेला मान द्यावा लागेल. पूच्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र टांगले आहे, त्यात टोड साहेब जागेचे कागदपत्र पूच्या गोष्टींतल्या घुबडाच्या हाती सोपवताना दिसतात. ते खरेदीखत आहे की बक्षीसपत्र, याबद्दल मला अजून शंका आहे. शिवाय हाँटेड मॅन्शनच्या बाहेर पाळीव प्राण्यांची जी लुटुपुटीची दफनभूमी आहे, तिच्यात मागच्या बाजूला टोडचा पुतळा उभा आहे. ठाऊक असलेला माणूसच तो शोधतो, आणि सापडला की शेजारच्याला दाखवतो.

चौथा नियम परतीची वाट मोकळी ठेवण्याचा. फ्लोरिडातल्या टिकी रूमचा, म्हणजे गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा खेळ १९९८ मध्ये आधुनिक करण्यात आला, चाहत्यांनी तेरा वर्षे नाके मुरडली, २०११ च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि त्याच वर्षी जुना खेळ थोडा आखडून परत आला. आगीत चाहत्यांचा हात नव्हता, हे मी त्यांच्या वतीने स्पष्ट करतो. फ्लोरिडातल्याच एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कातल्या फिगमेंट नावाच्या जांभळ्या ड्रॅगनला १९९९ मध्ये त्याच्याच राइडमधून जवळजवळ हाकलले होते, तो २००२ मध्ये परत आला. राइड पूर्वीसारखी झाली नाही, पण ड्रॅगन आला.

पाचवा नियम राहू द्या, घंटा वाजली. एकच हिशेब सांगून थांबतो. टोडची राइड फ्लोरिडात सत्तावीस वर्षांना जेमतेम महिनाभर कमी एवढी चालली. पूची राइड जून १९९९ मध्ये सुरू झाली, म्हणजे तीही आता त्याच वयाच्या आसपास आली आहे, आणि पहिल्या वर्षी तिच्यात बसलेली मुले स्वतःच्या मुलांना घेऊन येऊ लागली आहेत. तिच्या दारावर प्लायवुड लागेल तेव्हा पिवळे शर्ट घातलेली माणसे जमणार, आणि टोडचे जुने कैवारी म्हणून आम्ही कोणत्या बाजूला उभे राहायचे हे आमच्यात अजून ठरलेले नाही. माझी मुलगी त्यांच्यात असेल. तिला पहिल्यापासून पूच आवडायचा.