गुलछडी आणि तीन कुप्या

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'माझे आवडते निश परफ्यूम'. यादी लांबलचक आहे आणि वेळ पाऊण तासाचा, म्हणून मी त्यातून एकच फूल उचललंय: निशिगंध. फुलबाजारातली आपली गुलछडी. निश म्हणजे मोजक्या शौकिनांसाठी छोट्या परफ्यूमघरांनी काढलेले परफ्यूम, हे इथे जमलेल्यांना मी सांगायला नको. तीन कुप्या आणल्यात, शेवटी सगळ्यांना वास घ्यायच्या कागदी पट्ट्या मिळतील. माझं म्हणणं असं, की निशिगंधाच्या परफ्यूमची पारख करायला आपल्याइतकं तयार नाक जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि आपण मात्र दुकानात शिरताना ते नाक चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवतो.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर आधी तेच सांगतो. मुंबईतल्या एका मॉलमध्ये मी निशिगंधाची कुपी हातात घेतली. विक्रेत्या मुलाने ती अदबीने काढून घेतली. 'सर, हे लेडीज आहे. जेंट्समध्ये वुडी दाखवू?' त्या पोराचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असणार. पण मला आलेला राग अजून उतरलेला नाही. अहो, लग्नाच्या दारात अत्तरदाणी घेऊन उभा असलेला माणूस मोगऱ्याचं बोट लावताना बाईमाणूस की पुरुषमाणूस असं बघत होता का? माझे आजोबा साताऱ्याला कारकून होते. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना आणि सणावारी मोगऱ्याचा फाया कानात. बैठकीची लावणी ऐकायला जाणारी मिशाळ मंडळी मनगटाला गजरा गुंडाळून बसायची. (हशा) हसताय, पण त्या गजऱ्यामुळे कुणाची मिशी खाली आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फुलांची लेडीज-जेंट्स अशी वाटणी जाहिरातवाल्यांनी केली. आपण ती का मान्य केली, हा माझा खरा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार. पट्टीवर फवारा मारतात आणि लगेच विचारतात, 'कसं वाटलं?' त्या क्षणी नाकात असतं ते अल्कोहोल, त्याला काय वाटायचंय! मग कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात. त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, नाक ताळ्यावर येतं. आणि मनगटावर मनगट चोळू नका. वीस मिनिटं थांबा, मग बोला.

आता फूल. हा दांडा बघा, आज दुपारी आणलाय. खालच्या कळ्या उमलल्यात, शेंड्याकडच्या अजून हिरवट, मिटलेल्या. पुढे पाठवतो, एकेक करून हुंगा. पहिल्यांदा थंड, जरासं झोंबणारं काहीतरी लागेल, पाठदुखीच्या मलमासारखं. तो भास नाही. त्या मलमात असतं तेच मिथिल सॅलिसिलेट या फुलातही असतं. त्याच्या मागून साय येते, ओलं खोबरं येतं. आणि उद्या सकाळी हाच दांडा हुंगलात, तर पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असतील आणि वास जड, थोडा कुजका असेल. त्याला कारण इंडोल नावाचं रसायन, मोगऱ्यातही असतं ते. देवाचा हार, लग्नाचा मांडव आणि मयताची तिरडी, तिन्हीकडे हेच फूल. समोरच्या ताई मान हलवतायत, त्यांना हा वास तिरडीचाच वाटतो. ताई, बरोबर आहे तुमचं. निशिगंधात तेही आहे, आणि ते काढून टाकलेला निशिगंध मला अर्धा वाटतो.

हे फूल मूळचं मेक्सिकोचं. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रास नावाचं गाव आहे, तिथे पूर्वी याची शेती होती. खुडल्यावरही निशिगंध कितीतरी तास वास सोडत राहतो, म्हणून तिथे लाकडी चौकटीतल्या काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरायचे. सुकली की काढायची, नवी ठेवायची. चरबी वासाने तट्ट भरेपर्यंत हेच. मग ती अल्कोहोलने धुवून अर्क काढायचा. आता ही पद्धत जवळपास बंद पडली, हेक्झेनसारख्या द्रावकाने काम होतं. हजार किलो फुलांमागे जेमतेम एक किलो 'काँक्रीट', म्हणजे मेणचट कच्चा अर्क मिळतो आणि त्यातून निघणारा शुद्ध अर्क त्याहूनही कमी. पॅरिसच्या कुप्यांत जाणाऱ्या या अर्काचा मोठा वाटा आपल्या कर्नाटक-तमिळनाडूच्या शेतांतून जातो, आणि आपल्याला मॉलमध्ये...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. बरं, भरभर जातो.

पहिली, 'अ' पट्टी: फ्राका. 1948, रोबेर पिगे यांच्या फॅशनघरासाठी जेर्मेन सेलिए या बाईंनी बनवलेला. हा धंदा तेव्हा जवळपास पुरुषांचाच. जन्माने हा निश नाही, पण पुढच्या सगळ्यांना याच्याशी सामना करावा लागला म्हणून आणला. लोणी, संत्र्याचा मोहोर, नुसता घमघमाट. देखणा आहे. पण यात मला देठ सापडत नाही, मलमाचा थंडपणाही नाही.

'ब': ट्युबेरूझ क्रिमिनेल, सर्ज ल्युटेन्स या परफ्यूमघराचा, 1999, परफ्यूमर ख्रिस्तोफर शेल्ड्रेक. फ्राकाने जे लपवलं, ते याने दारातच उभं केलंय. कापूर, मलम, थोडं रबर. पुष्कळ लोक इथेच पट्टी खाली ठेवतात. ठेवू नका. त्या थंडीतून फूल हळूहळू वर येतं आणि संध्याकाळच्या दांड्याशी ते तंतोतंत जुळतं. धाडस म्हणाल तर तिघांत याचंच.

'क': कार्नल फ्लॉवर, 2005, परफ्यूमर दोमिनिक रोपिओं. हा फ्रेदेरिक माल यांच्या परफ्यूमघराचा. 2000 मध्ये त्यांनी हे घर काढलं तेच प्रकाशनसंस्थेसारखं: पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, तसं बाटलीवर परफ्यूमरचं. यात निशिगंधाचा नैसर्गिक अर्क सढळ हाताने घातलाय. निलगिरीसारखा हिरवा गारवा, ओला देठ, मग खोबरं, शेवटी कस्तुरीचा मऊपणा. मी रोज लावतो तो हाच. पण दुसऱ्या दिवशीचा तपकिरी हार यातही नाही, आणि एवढ्या किमतीत तो असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

पट्ट्या वाटायला घ्या. बाटली विकत घेऊ नका, आधी दोन मिलीची नमुन्याची कुपी मागवा. आणि आत्ता मत देऊ नका. जाताना चौकातून गुलछडीचा एक दांडा घ्या, रात्री तिन्ही पट्ट्या त्याच्या शेजारी ठेवून हुंगा, सकाळी पुन्हा हुंगा. मला 'क'मध्ये सापडलेला देठ तुम्हाला सापडला नाही, तर पुढच्या महिन्यात मी मोगऱ्यावर बोलणार आहे, तेव्हा येऊन मला तोंडावर सांगा.